चौदावी खुर्ची

माझा नवरा ओरेस्ते ट्राम चालवायचा. त्याची ट्राम दिवसातून कितीतरी वेळा कोलोसियमला वळसा घालून जायची, आणि आम्ही दोघं मिळून एकदाही आत गेलो नाही. घरचंच आहे, कधीही जाता येईल, असं म्हणता म्हणता तोच गेला.

तो गेल्यावर सोमवार ते शनिवार मी ढकलत होते. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान बंद केलं होतं, तरी गल्लीतल्या बायका विजारी आखूड करायला, अस्तरं बदलायला घरी आणून टाकायच्या. रविवारचं काय करायचं ते मात्र कळेना. चेंतोचेल्लेत, रोमच्या कडेच्या वस्तीत, आमच्या इमारतीला मधोमध चौक आहे. रविवारी दुपारचा एक वाजला की चारही बाजूंच्या खिडक्यांतून ताटल्यांचे आवाज सुरू होतात. कोणाकडं सासू आलेली असते, कोणाकडं नातवंडं. मी दोन बटाटे उकडायचे आणि रेडिओ मोठा लावायचे, म्हणजे शेजारणीला वाटावं, हिच्याकडंही कोणीतरी आलंय. मुलगा मिर्को स्टुटगार्टला असतो. तो संध्याकाळी फोन करून जेवलीस का विचारायचा, मी जेवले म्हणायचे. मला फार एकटं वाटायचं, आणि त्याची लाजही वाटायची.

औषधांच्या दुकानातल्या लोरेलानं सुचवलं की तिची मावशी रविवारी सकाळी अवशेष बघायला जाते, सोबत माहिती सांगणारी बाई असते, चार माणसं भेटतात, पाय मोकळे होतात. रोममधले निम्मे विधुर आणि विधवा रविवार असाच काढतात हे मला तोवर माहीत नव्हतं. अशा सहली चालवणाऱ्या संस्था पैशाला पासरी आहेत. त्यातली एक निवडायची होती.

मला काय हवंय हे मला पक्कं ठाऊक होतं. सम्राट कोण, खांब कुठल्या दगडाचे, याच्याशी मला काही घेणं नव्हतं. फिरून झाल्यावर ती माणसं एकत्र जेवायला बसतात का, एवढंच हवं होतं. पण हे फोनवर विचारणार कसं? बाईला जेवायला मिळत नाही असं त्यांना वाटलं असतं. म्हणून मी आडून आडून विचारायचे, किती वेळ चालतं, संपतं कुठं, जवळपास बसायला काही आहे का. पलीकडची मुलगी म्हणायची, बाकं आहेत.

पहिली सहल कोलोसियमचीच घेतली आणि फसले. काठीला लाल रुमाल बांधलेला एक पोरगा पुढं, मागं आम्ही पन्नास-साठ जण, प्रत्येकाच्या कानात ऐकायचं एकेक यंत्र. तो पोरगा पुढं पुटपुटायचा आणि ते आमच्या कानात ऐकू यायचं. शेजारच्याशी बोलायची सोयच नाही, बोललं तरी त्याला ऐकू जाणार नाही. मध्येच त्यानं प्रत्येकाला कुठून आलात विचारलं. कोणी कोरिया म्हणालं, कोणी टेक्सास. मी म्हटलं चेंतोचेल्ले. तो हसत सुटला आणि म्हणाला, ‘मग तुम्ही इथं काय करताय, सिन्योरा?’ खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून मी बूट चावतोय असं दाखवलं.

दुसरी सहल एका प्राध्यापकांची, जलवाहिन्यांच्या कमानींखाली. माणूस हुशार असणार, पण बोलायचा तो भिंतीशी. आमच्याकडं पाठ करून एकाच विटेवर इतका वेळ बोलला की एक आजोबा उभ्या उभ्या पेंगले आणि त्यांची टोपी पडली. उन्हात उभं करून ठेवणारा माणूस कितीही शिकलेला असला तरी वाया, हे मी तिथं शिकले. मार्गदर्शक चांगला का वाईट हे कळायला फार अक्कल लागत नाही. तो आधी लोकांच्या पायांकडं बघतो का, एवढं बघावं. प्राध्यापकांचं संपल्यावर जो तो आपापल्या गाडीत बसला, आणि मी बसथांब्यावर एकटी उरले.

तिसरी सहल म्हणजे लोरेलाच्या मावशीच्या ओळखीतली फिओरेन्झा. ही फक्त ओस्तियाच दाखवायची. जुनं बंदर, सबंध शहरच्या शहर उकरून काढलेलं. वर्षभर, दर महिन्याच्या एका रविवारी, एकेक गल्ली. पहिल्याच दिवशी फाटकाशी आल्या आल्या तिनं माझ्या बुटांकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘टाचा बऱ्या आहेत, चालेल.’ मग आम्हाला पाइनच्या सावलीत नेलं. डोक्यावरून फ्युमिचिनोच्या विमानतळाची विमानं इतकी खालून जायची की वाक्य अर्ध्यात तुटायचं. ती बोट वर करून थांबायची, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं. मला ती आवडली.

तिच्यामागं पंचवीसेक जण होते, पण त्यात एक घट्ट टोळकं होतं. वर्षानुवर्षं येणारे, एकमेकांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं तोंडपाठ असणारे. त्यांची म्होरकी ब्रिजिदाबाई. शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्त झाली हे तिला कोणी सांगितलं नसावं. तिच्या कोटाची शिवण नजर लागण्यासारखी होती, हे कबूल करते.

त्याच टोळक्यातला एव्हान्द्रो. रेडिओ दुरुस्त करायचा पूर्वी. काखेत घडीचं स्टूल घेऊन फिरायचा आणि कोटाला शेवटचं बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं. बायको नसलेला पुरुष मला लांबून ओळखू येतो. त्या दिवशी फिओरेन्झा आम्हाला सार्वजनिक शौचालय दाखवत होती. संगमरवरी बाकाला ओळीनं भोकं, मध्ये आडपडदा काही नाही. माणसं शेजारी शेजारी बसायची, व्यापाराचं बोलायची, जेवायची आमंत्रणं द्यायची. टोळकं खिदळत होतं. एव्हान्द्रोनं स्टूल उघडून माझ्याकडं सरकवलं आणि हळूच म्हणाला, ‘माझ्या घरात दोन न्हाणीघरं आहेत, सिन्योरा. आणि दोन्हीत मीच.’

मी इतक्या मोठ्यानं हसले की ब्रिजिदाबाईनं मागं वळून पाहिलं.

फिरणं संपल्यावर फाटकाशी एव्हान्द्रो म्हणाला की आज त्याला जेवायला थांबता येणार नाही, फ्युमिचिनोला बहीण आजारी आहे. त्यावर ब्रिजिदाबाई फिओरेन्झाच्या कानाशी लागली, फिओरेन्झानं माणसांवरून नजर फिरवली, आणि सरळ माझ्याकडं येऊन म्हणाली, ‘सिन्योरा नीवेस, आमच्याबरोबर जेवायला येता का?’

मला वाटलं मी त्यांना आवडले.

फाटकापासून जवळच, ओस्तियाच्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीला लागून, दिर्चेची खाणावळ आहे. टोळक्याची बसायची जागा मागच्या खोलीत. अंगणाच्या दारानं आत जायचं, तिथं एक लांब टेबल भिंतीला भिडवून ठेवलेलं. आर्टिचोक आले, कालवांची स्पॅगेटी आली, डोंगरातली पांढरी वाईन आली. मी दोन वर्षांत बोलले नसेन इतकं त्या दुपारी बोलले. ओरेस्तेच्या ट्रामसमोर एक नवरीमुलगी आडवी पडली होती, आणि ओरेस्तेनं खाली उतरून तिची समजूत काढून, ट्राम तशीच उभी ठेवून तिला चर्चपर्यंत पोचवलं होतं, ती गोष्ट मी सांगितली. सगळे हसले. परतीच्या गाडीत मी काचेत स्वतःकडं बघितलं, तर गाल लाल झाले होते.

पुढच्या महिन्यात मी केस बसवून गेले. लिंबाचा केक करून पिशवीत घेतला. फिओरेन्झानं जुन्या भाड्याच्या इमारती दाखवल्या, मजल्यावर मजले, मधोमध चौक, अगदी आमच्यासारख्या. एव्हान्द्रो सोबत होता, कुठल्या खिडकीतून कोण कोणावर पाणी ओतत असेल ते सांगत होता. फिरणं संपलं. फाटकाशी सगळ्यांनी माझा हात हातात घेतला, पुढच्या महिन्यात भेटू म्हणाले, आणि अंगणाच्या दाराकडं वळले. एव्हान्द्रो दोनदा वळून बघत गेला. केक मी स्टेशनच्या बाकावर ठेवून दिला.

त्याच्या पुढच्या वेळी एव्हान्द्रोची बहीण पुन्हा आजारी पडली आणि मला पुन्हा बोलावणं आलं. पण या वेळी ब्रिजिदाबाई नको तितक्या मोठ्यानं कुजबुजली. ‘तेरा झालो आपण. त्या चेंतोचेल्लेवालीला घ्या.’

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तेरा जण एका टेबलाला बसले तर त्यातला एक वर्ष संपायच्या आत जातो. आमच्याकडं शिकलेली माणसंसुद्धा त्यावर हसतात आणि तेराव्या ताटाला बसत नाहीत. टोळकं चौदा जणांचं. एक कमी झाला की भरतीला कोणीतरी लागायचं, आणि ती मी होते. टेबलाखाली पाचर मारतात, तशी.

अपमान वाटला का? वाटला. तरीही गेले. चौकातले ताटल्यांचे आवाज ऐकत बटाटे सोलण्यापेक्षा पाचर झालेली बरी. ट्रामची गोष्ट मी पुन्हा सांगितली. गोष्टी माझ्याकडं फार नाहीत.

त्यानंतर मला एक वाईट खोड लागली. फिओरेन्झा काय सांगते ते मला ऐकूच येईना. ती पीठगिरण्या दाखवायची, मासळीवाल्यांच्या दुकानातली फरशी दाखवायची, आणि मी टोळक्यातली डोकी मोजत असायचे. कोणाला खोकला आहे का, कोणाचा गुडघा दुखतोय का, कोणी घड्याळ बघतंय का. आणि सगळ्यात जास्त मी एव्हान्द्रोच्या तोंडाकडं बघायचे. त्या टोळक्यातला तोच एक माझ्याशी बोलायचा. त्याचं बटण मी एकदा उभ्या उभ्या, पर्समधल्या सुईदोऱ्यानं, नीट लावून दिलं होतं, आणि तो श्वास रोखून उभा राहिला होता. तरी फाटकापाशी आलो की मी मनात म्हणायचे, आज बहिणीला बरं नसू दे. तो ‘मला निघायला हवं’ म्हणाला की माझा जीव भांड्यात पडायचा. तो टोपी काढायचा, ‘नीट जेवा, सिन्योरा,’ म्हणायचा आणि कोपऱ्यावरून दिसेनासा व्हायचा. मी अंगणाच्या दाराकडं वळायचे.

एकदा मी त्याला म्हटलंही, की बहिणीचा फार त्रास आहे तुम्हाला. तो म्हणाला, ‘अहो, ती लहानपणापासून तशीच. नेमकी जेवायच्या वेळेला दुखणं काढते.’

हिवाळाभर बहीण आजारी होती. मी जवळजवळ दर महिन्याला टेबलावर बसले.

मे महिन्यात तो आलाच नाही. रंगमंदिराच्या पायऱ्यांवर सगळे बसल्यावर फिओरेन्झानं सांगितलं की एव्हान्द्रो गेला. झोपेत, हृदय बंद पडलं. अंत्यविधीही होऊन गेला होता, आणि मला कळवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कळवणार तरी का, मी त्याची कोण होते? सगळे उठून उभे राहिले. तेवढ्यात वरून विमान गेलं, आणि ते जाईपर्यंत आम्ही गप्प राहिलो.

मला रडू आलं. पण त्याच्या आधी, अगदी आधी, माझ्या मनानं हिशेब केला होता. तेरा. कायमचे तेरा. तो आनंदच होता, दुसरं काही म्हणता येणार नाही. मग त्या आनंदाचीच किळस येऊन मी रडले.

दिर्चेच्या मागच्या खोलीत ब्रिजिदाबाईनं स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली. इतके दिवस मला दाराजवळची, मोडक्या पाठीची खुर्ची मिळायची. आज मधली, एव्हान्द्रोची. ती म्हणाली, ‘नीवेस, आता ही तुमचीच. दर वेळी विचारायला नको.’ पहिल्यांदाच तिनं सिन्योरा न म्हणता नुसतं नाव घेतलं होतं. सगळ्यांनी पेले उचलले, त्याच्या नावानं एक घोट घेतला. मग कोणाच्या तरी जावयाच्या नव्या गाडीचा विषय निघाला.

मला हवं होतं ते सगळं त्या टेबलावर होतं. दर रविवारी नसलं तरी महिन्यातला एक रविवार आयुष्यभराचा झाला होता.

दिर्चे ब्रेडची टोपली ठेवायला माझ्या बाजूला वाकली. तिचे डोळे सुजले होते. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, म्हणून म्हटलं, ‘त्याच्या बहिणीला कोणी कळवलं असेल ना? ती आजारी असते.’

‘कुठली बहीण?’

‘फ्युमिचिनोची.’

दिर्चेनं टोपली ठेवली आणि मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारात नेलं. आवाज खाली आणून म्हणाली, ‘एव्हान्द्रोला बहीण नव्हती, बाई. एकुलता एक तो.’

‘मग जेवायला कुठं जायचा?’

तिनं पुढच्या खोलीकडं बोट केलं. रस्त्याकडची खोली, जिथं आम्ही कधी जात नसू. मधल्या दाराआड, कोट टांगायच्या खुंट्यांखाली, एकट्यापुरतं एक टेबल होतं.

‘तिथं. कोपऱ्यावरून वळायचा आणि पुढच्या दारानं आत यायचा. तुम्ही आत, तो बाहेर. मला शपथ घातली होती. आता तो नाही, आता कसली शपथ?’

मी विचारलं असं का करायचा. पण विचारता विचारताच मला कळलं होतं.

‘पहिल्या वेळी नुसती थाप मारली. पुढच्या महिन्यात त्यानं ब्रिजिदाबाईला विचारलं, की त्या सिन्योराला कायमचंच घ्या, आपण पंधरा होऊ. ती म्हणाली टेबल चौदांचं आहे. म्हणून मग यानं स्वतःची खुर्ची सोडायला सुरुवात केली.’ दिर्चेनं ॲप्रनला डोळे पुसले. ‘मी त्याला म्हटलं, अरे गाढवा, मग तिलाच इकडं बोलाव की. दोघं बसून जेवा. तर म्हणाला, तिला माणसं हवी आहेत, दिर्चे. एक म्हातारा घेऊन ती काय करेल?’

आतून ब्रिजिदाबाईनं हाक मारली की नीवेस, स्पॅगेटी निवतेय, तुमच्याशिवाय कोणी सुरुवात करत नाहीये. करणार कसे, तेरा होते.

मी आत गेले. खुर्चीच्या पाठीवरची पर्स घेतली. मी काय करतेय ते आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग ब्रिजिदाबाईनं काटा खाली ठेवला.

‘कुठं निघालात?’

‘बाहेर.’

‘अहो, आम्ही तेरा होतो ना मग.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘मोजलंय मी.’

फिओरेन्झा अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. माझ्यामागं खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कोणीतरी दिर्चेला हाका मारायला लागलं, तुझ्या नवऱ्याला पाठव, धाकट्या जावेला पाठव, कोणालाही बसव. दिर्चे माझ्यामागून बाहेर आली.

पुढच्या खोलीत दोन ट्रकवाले जेवत होते. मी दाराआडच्या टेबलावर बसले, भिंतीकडं पाठ न करता, तो बसत असेल तशी, मागच्या खोलीकडं कान करून. तो काय घ्यायचा ते दिर्चेला विचारलं. ती म्हणाली, चिकोरीची परतलेली भाजी, अर्धी स्पॅगेटी आणि पाव लिटर पांढरी. मी म्हटलं तेच दे.

मधलं दार लाकडी आहे, पातळ. आतलं सगळं तिथं ऐकू येतं. जावयाच्या गाडीचा विषय पुन्हा सुरू करायची खटपट चालली होती, कोण कुठं बोलतंय ते आवाजावरून ओळखू येत होतं. म्हणजे मी बोलायचे तेही त्याला ऐकू येत असणार. हिवाळाभर मी ट्रामपुढच्या नवरीची तीच गोष्ट सांगत होते, दर वेळी थोडी वाढवून, आणि आतले लोक कंटाळून माना हलवायचे. मी दिर्चेला विचारलं, तो ऐकायचा का.

‘ऐकायचा,’ ती म्हणाली. ‘नवरी चर्चशी पोचेपर्यंत मला ताटली उचलू द्यायचा नाही.’

मी चिकोरी खाल्ली, स्पॅगेटी खाल्ली. समोर एक खुर्ची होती. तिच्यावर मी पर्स ठेवली, मग ती पुन्हा उचलून मांडीवर घेतली.